उजव्या कुशीवरचा चमत्कार

वाचनालयात इतकी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. लोक वर्तमानपत्रांच्या टेबलावर चढून उभे होते, खिडकीच्या गजांना बाहेरून पोरं लटकली होती आणि ‘शांतता राखा’ या पाटीखाली एक बाई दुसरीला मोठ्याने सांगत होती, “मघाशी ऐंशी होता. आता बघ, बुवांनी हात ठेवला की कसा उतरतो.”

आणि उतरला. कोपऱ्यातल्या टेबलावर नवाकोरा संगणक उजव्या कुशीवर निजवला होता. त्याच्यावर हात धरून गारबुवा डोळे मिटून उभे होते. पडद्यावरचा आकडा सत्तर, बासष्ट, पन्नास करत पंचेचाळीसवर येऊन थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे खडूस माणूस, पण त्यांनीही डोळे पुसले.

गारबुवा भर उन्हाळ्यात स्वेटर घालायचे. का, म्हणून विचारलं तर सांगायचे, “आतून इतका गारवा निघतो, मलाच सोसत नाही.”

तो संगणक आमच्या ग्रंथपाल मुलीने स्वतः जोडला होता. चोवीस वर्षांची पोर. सुटे भाग मागवून, पुस्तिका वाचून तिने तो उभा केला आणि पहिल्या दिवसापासून त्याला ताप. काम करताना तापला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. हा नुसता बसल्या बसल्या तापायचा. सगळे प्रोग्रॅम बंद, तरी आतला प्रोसेसर ऐंशी अंशांवर. काहीही न करता इतकं तापणारं मी तोवर एकच पाहिलं होतं, ते म्हणजे आमचे वाचनालयाचे अध्यक्ष.

मुलीने पंखे फिरतात का पाहिलं, खोलीच्या खिडक्या उघडल्या, संगणकातलं नको ते सगळं काढून टाकलं. चार दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी अध्यक्ष गारबुवांना घेऊन आले.

बुवांनी संगणकाच्या पेटीला तीन प्रदक्षिणा घातल्या. “हा प्रोसेसर मागच्या जन्मी लोहार होता,” ते म्हणाले. “भाता सुटला, सवय सुटली नाही. त्यात बांधणारीच्या हातांत उष्णता.”

“माझे हात कायम गार असतात,” मुलगी म्हणाली.

“वरून गार. उष्णता आत दडते. फार लबाड असते ती.”

मग त्यांनी पेटी उजव्या कुशीवर आडवी करवली, कारण आडवं होणं म्हणजे शरण जाणं. हात ठेवला, ताप उतरला. अर्ध्या तासाने पेटी उभी करून ते घरी गेले आणि दहा मिनिटांत आकडा पुन्हा ऐंशीवर. “कुणीतरी शंका घेतली,” असा निरोप आला. तेव्हापासून बुवा रोज पाच वाजता येऊ लागले. “मी नसताना यंत्र आडवं केलंत तर इमारतीची राख होईल,” अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली.

दोन आठवड्यांत अध्यक्षांनी ठरवलं, की मुलांचा कोपरा हलवून तिथे बुवांची बैठक करायची. मुलीची सहा महिन्यांची उमेदवारी शनिवारी संपत होती. अशा हातांची बाई वाचनालयात नको, म्हणून तिला कमी करण्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं.

शुक्रवारी ती माझ्याशेजारी येऊन बसली. “आजी, हे मी जोडलेलं पहिलं यंत्र. खरंच माझ्या हातांत काही वाईट असेल का हो?”

नोकरीचं ती बोललीच नाही. मला तेच लागलं.

मी छत्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होते. काचेच्या थर्मामीटरचे दिवस ते. आमच्या मेट्रनबाई ताठ कण्याच्या, पायांत कुरकुरणारे बूट. ताप लिहिताना वेळ लिहायची आणि पेशंट बसलाय, उताणा आहे की कुशीवर, तेही लिहायचं, हा त्यांचा दंडक. एकदा मी ते लिहिलं नाही, तर वॉर्डातले सगळे तक्ते पुन्हा लिहायला लावले. तेव्हा रडले होते. पण सवय लागली ती लागली. रोज वर्तमानपत्र वाचताना समोरच्या पडद्यावरचा ताप मी वहीत लिहीत गेले होते. वेळ, आकडा, कूस.

“तुझ्या हातांचं नंतर बघू,” मी म्हटलं. “आधी पेशंटचा तक्ता बघ.”

तिने पानं उलटली. उभं असताना ऐंशी. उजव्या कुशीवर पंचेचाळीस. एके दिवशी अध्यक्षांनी पेटी आधीच निजवली आणि बुवा दारात चहा पीत राहिले. ते मिशा पुसत आत आले तेव्हा आकडा सत्तेचाळीस होता. सगळे बुवांकडे बघत होते, पडद्याकडे कुणीच नाही.

शनिवारी पाच वाजता मी उभी राहिले. “बुवा, आज पेटी उभीच असू द्या. तुम्ही हात ठेवा.”

“शरण आल्याशिवाय कसं होईल, सिस्टर?”

“मी पेशंटना उभ्या उभ्या इंजेक्शनं दिली आहेत. तुमचा गारवा माझ्या सुईपेक्षा कमी का?”

लोक हसले. बुवांना हात ठेवावाच लागला. ऐंशी. एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी. पाच मिनिटांनी बुवांनी स्वेटर काढला.

“आता जरा रस्त्यावर जाऊन उभे राहा,” मी म्हटलं. पोस्टमास्तर त्यांना हाताला धरून घेऊन गेले.

अध्यक्ष उठले. “सिस्टर, राख होईल.”

“मग तुम्हीही बाहेर थांबा.”

ते खरंच गेले आणि खिडकीतून पोरांच्या मधे डोकं घालून बघू लागले. मी आणि मुलीने पेटी आडवी केली. सत्तर. साठ. सेहेचाळीस. छप्पर जागच्या जागी होतं.

मुलगी मात्र आकड्याकडे बघतच नव्हती. तिने संगणक बंद केला, पेटीचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. प्रोसेसरवर धातूचा जाडजूड ठोकळा बसवलेला असतो. प्रोसेसरची उष्णता तो ओढून घेतो आणि त्याचा पंखा ती बाहेर टाकतो. तो घट्ट टेकलेला हवा. इथे तो वरच्या बाजूने डुगडुगत होता. चारपैकी खालचे दोन स्क्रू पक्के आवळलेले, वरचे दोन नुसते अडकवलेले.

“फोटो,” ती म्हणाली. “दोन आवळले आणि अध्यक्षकाकांनी हाक मारली, पाहुण्यांना जायचंय, आधी फोटो काढू. परत आले आणि सरळ झाकण लावलं.”

पेटी उभी असली की तो जड ठोकळा पुढे झुकायचा आणि केसाएवढी फट पडायची. आडवी केली की स्वतःच्याच वजनाने चेपून बसायचा. बास, एवढाच मागच्या जन्मीचा लोहार.

तिने ठोकळा पुसला, उरलेल्या ट्यूबमधली, उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट लावली, चारही स्क्रू थोडे थोडे करत आवळले. पेटी उभी केली, सुरू केली. अडतीस. या वेळी टाळ्या खिडकीतून सुरू झाल्या.

बुवा हळूच माझ्याजवळ आले. “सिस्टर, मी शिलाई मशिनं निजवली, पाण्याचे पंप निजवले. उतार पडला तो इथेच, पहिल्यांदा. मलाही खरं वाटायला लागलं होतं हो.” मी इतकी हसले की खुर्ची धरावी लागली.

अध्यक्ष खिशातलं पत्र चाचपत म्हणाले, “म्हणजे चूक फोटोची.”

“नाही काका. परत येऊन तपासायचं काम माझं होतं. चूक माझी,” मुलगी म्हणाली. बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. वाचनालयाच्या समितीने तिथेच चार मिनिटांत तिला कायम केलं.

तिचा आनंद मला पुरता कळला. अपशकुनी हातांवर औषध नसतं, सैल स्क्रूवर असतं. म्हणून सांगते, चमत्कार दिसला तर टाळ्या खुशाल वाजवा. पण एकदा तो करणाऱ्याला रस्त्यावर उभं करून तीच गोष्ट आपल्या हातांनी करून बघा. जे होईल ते वहीत लिहा. राख होत नाही, मी करून पाहिलं आहे.