फूटपट्टीने आखलेला बाजार

मोबाइलवरच्या गुंतवणुकीच्या ॲपमधली नफ्याची हिरवी रेघ रोज सारखीच चढत होती. कुठे खळगा नाही, कुठे थरथर नाही. रक्ताचे नमुने तपासण्यात हयात घातलेल्या बाईला हे पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. एकच नमुना दोनदा तपासला तरी आकडा किंचित हलतो. इथे मात्र अख्खा बाजार फूटपट्टीने आखलेला!

खटकलं नाही, कारण तिने आधी चाचणी घेतली होती. थोडे पैसे घातले, लगेच काढून पाहिले. आले. लॅबमध्ये नवं यंत्र आलं की ती असंच करायची. पण यंत्राला कुणाला फसवायचं नसतं. या चोरांनी तिच्या चाचणीचंच आमिष गळाला लावलं होतं.

परवाना असलेल्या कंपन्यांच्या सरकारी यादीत या ॲपवाल्या कंपनीचं नाव नाही, हे तिला महिन्यापूर्वी कळलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप. "तक्रार कसली करतेस," नवरा म्हणायचा, "एवढी शिकलेली बाई! लोक तोंडात शेण घालतील."

आज कंपनीचा निरोप आला: अडकलेले पैसे सोडवायचे तर आधी कर भरा. नवरा कार्ड घेऊनच बसला.

"अहो, खरा कर असता तर आपल्याच पैशांतून कापला असता."

"बुडत्याला काडीचा आधार गं."

"काडी त्यांनीच टाकलीय. आणखी खोल न्यायला."

तेवढ्यात फोन वाजला. लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुणाऱ्या मावशी. तिचं पाहूनच त्यांनीही पैसे घातले होते.

"ताई, मलाही कर भरायचा निरोप आलाय. पोरीच्या शिक्षणाची ठेव मोडायला बँकेत आलेय. तुम्ही भरलात ना? तुम्ही केलं म्हणजे बरोबरच असणार."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरांवर, नवऱ्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या गप्प बसण्यावर.

"मावशी, एक पैसा भरू नका! ती कंपनी चोर आहे. मला महिन्यापूर्वीच कळलं होतं आणि मी मूग गिळून बसले. बँकेत आहात तर तिथेच सांगा, फसवणूक झालीय म्हणून. आणि मोबाइलमधला एकही निरोप पुसू नका."

पलीकडून बारीक आवाज, "ताई... तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

नवरा हातवारे करत होता. "अगं, हळू! शेजारी ऐकतील."

"ऐकू देत," ती ओरडली. "मी पोलिसांत चाललेय. तक्रार माझ्या नावाने करणार."