शनिवारचा चेहरा

वाचकहो, थट्टेवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. महायुद्ध संपलं, बादशहा गेला, पावाचे भाव आभाळाला भिडले, तरी आमच्या व्हिएन्नात शनिवारचं विनोदी साप्ताहिक वाचल्याशिवाय कॉफी घशाखाली उतरत नाही. त्याच साप्ताहिकात लिओपोल्ड हर्डिना वीस वर्षं चित्रं काढत होता. महागाई वाढो की सरकार पडो, कोपऱ्यात त्याचा ज्यू हजर. बाकदार, आकड्यासारखं नाक, जाड ओठ, सुटलेलं पोट, हात चोळत उभा! "लोक खालचा मजकूर वाचायच्या आधीच हसतात," असं हर्डिना अभिमानाने सांगे.

गंमत म्हणजे त्याचा जिवलग मित्र ज्यूच होता. एमिल पोलाचेक, बटणांचा दुकानदार. दर गुरुवारी दोघे कॉफीहाऊसमध्ये पत्ते खेळत. एमिल चित्र बघून म्हणे, "अरे, नाक जरा आवर, पानात मावेना!" सगळे हसत. एमिलही हसे.

मग एके दिवशी दुकानातच एमिलचं हृदय बंद पडलं. हर्डिना भेटायला गेला तेव्हा घरातले आरसे त्यांच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे झाकलेले होते आणि एमिलची बायको रेगीना बुटक्या स्टुलावर बसली होती.

"भाऊजी, एक मागू? यांनी कधी फोटो काढू दिला नाही. लग्नातला एक आहे, त्यात धड मिशीसुद्धा फुटलेली नाही. तुम्ही यांचा चेहरा काढून द्या. मुलगी आर्जेन्टिनात, नातवाने आजोबा पाहिलेलेच नाहीत."

"मागता काय वहिनी! डोळे मिटून काढीन."

घरी येऊन तो कागदापुढे बसला. पहिलीच रेघ आकड्यासारखी वळली. कागद फाडून त्याने दुसरा घेतला. ओठ जाड झाले. एमिलचे डोळे कसे होते? आठवेना! मनाचा कानाकोपरा धुंडाळला, तर जिथे तिथे शनिवारचाच तो ज्यू, हात चोळत उभा. हर्डिना कॉफीहाऊसमध्ये जाऊन त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी बसला. समोरच्या रिकाम्या खुर्चीतही तोच!

तो रिकाम्या हातांनी रेगीनाकडे गेला. "वहिनी, मला... मला तो आठवतच नाही."

ती म्हणाली, "बसकं नाक होतं त्यांचं. लहानपणी बर्फावर आपटले होते. वीस वर्षं ते बसकं नाक घेऊन तुमच्यासमोर बसले, भाऊजी!"

"पण तो स्वतःच हसायचा!"

"हसायचे. आणि घरी येऊन न जेवता झोपायचे. हसलं नाही तर लोक म्हणणार, यांना साधी थट्टा सोसत नाही. तुम्ही त्यांना वाईट म्हणाला नाहीत, ठाऊक आहे मला. गेल्या महिन्यात ट्रामच्या थांब्यावर दोघांनी यांची टोपी उडवली. म्हणाले, 'हा बघ, शनिवारचा!' त्यांनी यांना पाहिलंच नव्हतं. तुमचं चित्र पाहिलं होतं."

हर्डिनाला रडू आवरेना. "तुम्ही सांगा, वहिनी, तसं काढतो मी. एकेक रेघ विचारून काढतो!"

"नको. तुमच्या हातून नको."

तिथून तो तडक कचेरीत गेला. "आजपासून तो ज्यू मी काढणार नाही!"

संपादक हसला. त्याने कपाटाचा खण ओढला. आत हर्डिनाच्या चित्रांचे छपाईचे जस्ताचे ठसे रांगेने मांडलेले. उजवीकडे बघणारा, डावीकडे बघणारा, पैशांची थैली कवटाळणारा. "नका काढू. खालचा मजकूर बदलला की भागतं आमचं."

"वितळवून टाका ते!"

"अहो, ते साप्ताहिकाचे आहेत. तुमचे थोडेच?"

वाचकहो, अख्ख्या जमातीला एकच चेहरा चिकटवला, की तिच्यातली माणसं दिसेनाशी होतात. आणि जो दिसतच नाही, त्याच्यावर हात उगारायला कुणाचं मन कचरत नाही. म्हणून हसण्याआधी एवढं बघा, की समोर माणूस आहे की ठसा.

हर्डिनाने कुंचला कायमचा खाली ठेवला. त्याचा ज्यू मात्र अजून दर शनिवारी छापून येतो, आणि खाली सही हर्डिनाचीच असते.