चौथी सीट

अंबरनाथ पश्चिमेच्या स्टँडवर धर्मराजची रिक्षा तिघांवर कधी सुटलीच नाही. मागे तिघं आणि चौथा पुढे, त्याच्या मांडीला मांडी लावून! एमआयडीसीच्या पाळीची माणसं अशीच न्यायची, हा इथला रिवाजच. पण तिसऱ्यांदा पकडला गेला आणि लायसन्सवर गदा आली. दोन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग नीट पुरा केला तरच ते वाचणार होतं.

"गेल्या वर्षी पण केला की! पंख्याखाली मस्त झोपलो, सर्टिफिकेट मिळालं," तो बायकोला, अंजनीला म्हणाला. तिने हातच जोडले.

या वेळी शिकवायला वृंदाबाई होत्या. त्यांनी आल्याआल्या विचारलं, "तुम्हाला गाडी कोणी शिकवली?"

धर्मराजला जनूकाका आठवले. वांगणीहून आलेल्या विशीतल्या पोराला त्यांनी महिनाभर हँडलला हात लावू दिला नव्हता. आधी काच पूस, मग मागे बसून बघ, सवारीला गचका कसा बसतो ते. चौथा कुणी आला की काका म्हणायचे, "नाय रं बाबा. मी तिघांनाच नेतो न् तिघांनाच पोचवतो." काय माणूस होता!

"चला मैदानात," म्हणत बाईंनी स्वतः रिक्षा सुरू केली आणि त्याला शेजारी बसवलं. पहिल्याच वळणावर धर्मराज अर्धा बाहेर! दांडा घट्ट धरून तो ओरडला, "ओ मॅडम, स्लो! पडेन ना मी!"

"पंधराच्या स्पीडला आहे, धर्मराजभाऊ. तुम्ही चाळीसने नेता. तीनदा दंड भरूनही सवय सुटली नाही, कारण या जागेवर तुम्ही कधी बसलाच नव्हता."

सोमवारी पाळी सुटली. मागे तिघं बसले होते. रोजचा जितेश सवयीने पुढे सरकला.

"नाय जितेश. मागच्या गाडीत बस."

"काय शेठ, लेट होतंय ना!"

"होऊ दे. मी तिघांनाच नेतो न् तिघांनाच पोचवतो."

जितेश पुटपुटत मागच्या सनीच्या रिक्षात गेला आणि तिथेही पुढेच बसला. धर्मराजला राहवेना. तो उतरून सनीजवळ गेला.

"सनी, उद्या सकाळी मैदानात ये. एक चक्कर मी चालवतो, तू माझ्या शेजारी बस."

वाचकहो, दंडाची पावती खिशात राहते आणि विसरली जाते. झोपेत मिळालेलं सर्टिफिकेटही तसंच. आपल्या चुकीचा धोका सोसणाऱ्याच्या जागी आपल्यालाच बसवणारा वर्ग मात्र माणसाला बदलतो. जनूकाकांना हे तेव्हाच कळलं होतं!