सोसायटीच्या फोटोतला चेहरा

"हे माये मालक नाहीत, भाऊ," रत्नाबाईंनी छापलेला फोटो टेबलावर परत ठेवला. "सावळे होते, पण असे कोळशावानी नाही."

केशवरावांनी फोटो खिडकीशी धरला. खरंच, चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता. स्क्रीनवर मात्र तोच चेहरा स्वच्छ दिसत होता. बायको गेल्यापासून भंडाऱ्यातल्या या स्टुडिओत ते एकटेच बसत. पासपोर्ट फोटोंपलीकडे काम नव्हतं. मॉनिटर शेवटचा कधी जुळवला, हेही आठवेना.

"चूक मायी हाये, बाई. स्क्रीन लय उजेड फेकून राहिली, म्हणून मले अंधार दिसलाच नाही. बसा जराशा."

त्यांनी पडदा ओढला, स्क्रीनचा उजेड उतरवला आणि रंग मोजायचं छोटं यंत्र काचेवर टेकवून लोंबतं सोडलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी चौकोन एकेक करून उमटू लागले. पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं होतं.

"एकच फोटो हाये जी त्यायचा," रत्नाबाई बोलू लागल्या. "मोहाडीच्या विणकर सोसायटीतला. तीस मानसं, चेहरा हरभऱ्याएवढा, म्हणून तं मोठा कराले आनला. त्याच दिवशी सकाळी आमचं भांडन झालं होतं. मी डबा देल्ला नाही, उपाशीच गेले. दोन महिन्यानं वारले. फोटोत रागातच असतीन, असंच वाटे मले."

शेवटचा चौकोन उमटला, आणि केशवरावांनी यंत्र काचेवरून काढलं.

स्क्रीन जुळली तसा तिच्यावरचा चेहराही काळवंडला. आता खरं दिसत होतं. त्यांनी सावली कणाकणाने उजळवली, पदरचं काहीही न घालता. मग पडदा सारला आणि नवा कागद बाईंच्या हातात दिला.

मिशीखाली, ओठांच्या कोपऱ्यात, हसू होतं.

"हसून राहिले ना जी!" रत्नाबाईंनी कागद उजेडाकडे धरला. "तुमी तं नाही ना बनवलं हे?"

"नाही, बाई. होतंच ते. मले दिसत नव्हतं."

घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. केशवराव दुकान बंद करून रत्नाबाईंसोबत स्टँडपर्यंत चालत गेले. तुमसरच्या गाडीत बाईंना खिडकीची जागा मिळाली. एखादा शब्द बोलतील म्हणून ते खिडकीखाली थांबले. पण रत्नाबाईंनी फोटो बाहेर काढला होता आणि शेजारच्या अनोळखी बाईला त्या बोट ठेवून काहीतरी दाखवत होत्या.

गाडी हलली. केशवरावांनी हात वर केला, आणि ती रस्त्याला लागेपर्यंत तसाच ठेवला.