हळू केलेलं गाणं

"फुंकलं तरी वाजतं, ओढलं तरी वाजतं. यात श्वास फुकट जातच नाही बघ!"

लग्नाआधी, जिन्याखालच्या अर्ध्या अंधारात, तिच्यापुढे माउथ ऑर्गन धरून तो म्हणाला होता. तेव्हा त्याच्या आवाजात एवढी हवा होती, की एका दमात दोन वाक्यं बोलून वर हसायलाही उरायची. तो आवाज तिच्या कानात अजून तसाच आहे, कोवळा, खिदळणारा. ज्याचा होता त्याच्याकडे मात्र उरला नाही.

आता तो एका वाक्यात दोनदा थांबतो. गाड्यांना रंग मारायच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. फवारा गाडीवर बसला तेवढाच छातीतही बसला. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर मालकाने त्याला घरी बसवलं आणि घर तिच्या पायांवर आलं. ते पाय दिवसभर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत उभे. चादर झटक, घडी घाल. चादर झटक, घडी घाल. संध्याकाळी पोटऱ्यांचे दगड घेऊन ती घरी येते, गरम पाण्याच्या टबात पाय सोडते, आणि पलीकडून तो म्हणतो, "लाव गं."

लावायचं तिलाच लागतं. थिनरने त्याच्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली आहेत, की मोबाइल त्यांना दादच देत नाही. "माणसं विसरली, आता काचही विसरली," तो म्हणतो. मग ती ट्रॅक लावते. गिटार, ढोलक, बासरी सगळी आपापल्या जागी हजर. फक्त गाणाऱ्याची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत तो माउथ ऑर्गनचा बाजा घेऊन हळूच शिरतो.

आजारातून उठून तो पहिल्यांदा वाजवायला बसला, तेव्हा पहिल्याच अंतऱ्यात ठसका लागला. ओठ निळे, डोळ्यांत पाणी. त्याने बाजा फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकला. पुढे कितीतरी दिवस घरात वाजायचा तो नुसता खोकला. मग तिला मोबाइलमध्ये एक खूण सापडली. बोटाने मागे सरकवली, की सूर तोच राहायचा, लय तेवढी थकायची. तिने ती केसभर मागे ओढली. "आज बघा बरं, जमतंय का." जमलं. पुन्हा दमायला लागला की पुन्हा केसभर. असं करता करता नाचरं गाणं चालायला लागलं, चालतं गाणं पाय ओढायला लागलं, आणि त्याला वाटत राहिलं, आपण बरे होतोय.

आज लंबू आला. दोघं एकेकाळी एकाच ऑर्केस्ट्रात होते. लंबू ढोलकवाला. दारातून वाकूनच आत शिरला.

"वहिनी, चहा नको, पाणी नको, नवरा द्या. रविवारी आपल्या जुन्या मंडळींचा कार्यक्रम आहे."

"एका दिवसापुरता कशाला, भाऊजी? कायमचाच न्या की."

"नको बाई, सांभाळायला महाग आहे."

"आधी ऐक तर, मग भाव कर," तो मध्येच म्हणाला. "लाव गं."

तिचं बोट काचेवर घुटमळलं. खरी लय लावावी तर ठसका लागणार. नाही लावावी तर लंबूचे कान तिखट. तिने नेहमीसारखंच लावलं.

लंबूने टेबलावर बोटांनी ठेका धरला. दुसऱ्या ओळीला बोटं पुढे गेली. थांबला, पुन्हा धरला, पुन्हा पुढे.

"पेंटर, गाणं झोपलंय का रे? यावर आपण लोकांना खुर्च्यांवरून उठवायचो!"

"गाणं असंच आहे. ट्रॅक वाजतोय ना समोर? यंत्र कधी चुकतं का?"

"पण माझ्या हाताला तर..."

"हात म्हातारे झाले तुझे. धावायला लागलेत."

लंबूने हात उलटेसुलटे करून पाहिले. चेष्टेला चेष्टेने उत्तर द्यायचा त्याचा स्वभाव, पण तो नुसता म्हणाला, "असेल बाबा. म्हणूनच हल्ली कुणी बोलवत नसतील." आणि निघाला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ वाजत राहिली.

"बिचारा," बाजा फडक्याने पुसत तो म्हणाला. "लय गेली त्याची. रविवारी मीच... सांभाळून घेईन त्याला. दोन्ही अंतरे वाजवीन. काय गं?"

टबातलं पाणी निवलं होतं. तिला रविवार दिसला. खरा ढोलक, खरी माणसं, आणि मागे ओढायला कुणाचंच बोट नाही. मधोमध निळ्या ओठांचा हा. आणि रस्त्याने आपल्याच हातांवरचा विश्वास उडून चाललेला तो लांबच लांब माणूस.

"लंबूभाऊजींची लय बरोबर आहे," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय लयीतलं?"

"मला एवढ्या एकाच लयीतलं कळतं. मीच मागे ओढते ती. तुम्ही आजारातून उठलात तेव्हापासून."

त्याने मोबाइल उचलला. अंगठा काचेवर घासला, एकदा, दोनदा. काहीच हललं नाही. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कीव आली माझी?"

"कीव कसली?"

"मग सांगायचंस. मी काय... लहान पोर आहे? कशाला केलंस?"

तिने टबातून पाय काढले, पण पुसले नाहीत. थेंब फरशीवर पडत राहिले. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. इतके दिवस तेच तर करत होती. पण आज तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"दिवसभर आजाऱ्यांच्या चादरी धुते मी. घरी येऊन तुमची धाप ऐकवत नव्हती मला. तुमच्यासाठी नाही केलं ते. माझ्यासाठी केलं."