माळाला घातलेलं खत

आबासाहेबांनी बांधावरच्या गवतावर औषध मारलं होतं आणि ते सांगायचं विसरले होते. विसरले, बस्स. "ऊस तुटलाय, मेंढरं बसवायला या," हा फोन मात्र आठवणीनं केला होता. कळप रात्रभर रानात बसला की लेंड्यांचं खत मिळतं, आणि तेवढ्यापुरता देवळालीच्या बागायतदाराला धनगर बरोबर आठवतो.

दुपारपर्यंत छबूबाईच्या चार मेंढ्या तोंडाला फेस येऊन आडव्या झाल्या. त्यातली एक गाभण होती. छबूबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला, तर आतलं कोकरू अजून हलत होतं. मग तेही थांबलं.

आबासाहेब येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "ह्या जरा लांब नेऊन पुरा. आन् आजची रात बसवा बरं का, उद्या नांगर येतोय."

"बसवतो की मालक," तिचा नवरा कारभारी म्हणाला.

छबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज कशी वाटत न्हाई तुमाला? त्यानं मारायचं आन् आपण वर त्याचं रान खतवायचं?"

"पुढच्या साली ह्याच वाटंनं यायचंय, छबू. ह्याच्याशी वाकडं घेतलं तर सगळं गाव रान बंद करंल."

ते खरं होतं, म्हणून तिला जास्तच संताप आला. पुढच्या सालाच्या भीतीनं सासऱ्यानं मान खाली घातली होती, आता नवरा घालत होता.

कारभारी मेंढ्या पुरायला गेला. मेंढरांभोवती जाळी लावायचं काम बायांचं. जाळी लागेल तिथं कळप बसतो. छबूबाईनं जाळ्या घोड्यावर लादल्या आणि कळप सरळ गावाबाहेरच्या माळावर नेला. तिथं नुसता मुरूम, कुसळाशिवाय काही उगवत नाही. दगडानं खुंट्या ठोकताना तिचे हात सोलून निघाले.

दिवस मावळता कारभारी शोधत आला. त्याच्या मागोमाग मोटारसायकलवर आबासाहेब.

"आरं, इथं कशाला? समदं खत वाया चाललंय!"

"जाऊ द्या वाया," छबूबाई म्हणाली. "दगडाला घालीन, पर तुमाला न्हाई."

आबासाहेब कारभाऱ्याकडं वळले. "बायकोला आवर. पुढच्या साली यायचंय ना देवळालीत?"

कारभाऱ्यानं बायकोचे हात पाहिले. तिच्याकडून दगड घेतला आणि खाली बसून उरलेली खुंटी ठोकायला लागला.

"न्हाई येत, मालक," तो म्हणाला.