आपलं सामान आपण उचलायचं

मित्रांनो, मी कोरेगावच्या सुभेदार मानसिंगांचा जुना होल्डॉल. होल्डॉल म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल. जाड हिरव्या कॅनव्हासची लांबलचक पट्टी, दोन्ही टोकांना कप्पे. त्यात अंथरूण-कपडे घालायचे, गुंडाळी करायची आणि चामडी पट्टे करकचून आवळायचे. कानपूरला मी शिवला गेलो आणि तेव्हापासून पाय नसतानाही माझ्या पायाला भिंगरी लागली. अंबाला, फिरोजपूर, जोरहाट! वीस वर्षं सुभेदारांबरोबर हिंडलो. त्यांच्यासारखा घट्ट होल्डॉल पलटणीत कुणी बांधत नसे, म्हणून माझंही कौतुक व्हायचं.

१९७३ साली सुभेदार पेन्शनीत आले आणि मी माळ्यावर गेलो. एका जागी पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. स्टेशनावरून गाडीची शिट्टी आली की माझा जीव वरखाली व्हायचा.

तीन वर्षांनी त्यांच्या धाकट्या लेकीनं, शालननं, मला खाली ओढलं. वय सतरा. पुण्याच्या एका विद्यार्थी मंडळानं तिला वर्षभर कॅनडात शिकायला निवडलं होतं. विमान मॉन्ट्रियलला उतरणार आणि तिथून व्हँकूवरपर्यंत तिनं चार दिवस आगगाडीनं एकटीनं जायचं. तिकिटं मंडळाची. पासपोर्टच्या अर्जावर फक्त वडिलांची सही हवी होती आणि तीच अडली होती.

शालनचं कशात लक्ष लागेना. भाकरी अर्धी टाकून यायची, माझ्यावर नकाशा पसरायची, दोन स्टेशनं पाठ करायची आणि पुन्हा उठायची. मला तर तिनं दहा वेळा भरलं, दहा वेळा सोडलं. आम्ही दोघंही सारखेच उतावीळ!

सुभेदार वेळापत्रक डोळ्याजवळ धरून म्हणायचे, "गाडीत बसून तीनदा घड्याळ मागं करायचं? ही कसली शिस्त?"

"आवं आबा, देशच तेवढा रुंद हाय."

"आन् एकटी जाणार? आमी लढाईवर गेलो तरी संगं पलटण असायची."

शेवटी त्यांनी अट घातली. "हा होल्डॉल भर आन् घरापासनं ठेसनापत्तोर एकटीनं ने. कुणाचा हात लागला न्हाई पायजे. नेलास तर सही करतो."

बातमी गल्लीभर झाली. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला रित्या हातानं कुणी जाऊ देत नाही, आणि दिलेली शिदोरी नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. ही नुसती परीक्षा आहे, हे कुणी ऐकूनच घेईना. आई चंद्राबाईंनी चार दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घातली. शेजारच्या राहीबाईंनी वाकळ आणली. कुणी काकवीचा डबा दिला, तर कुणी चक्क पायलीभर शेंगा. "तिकडं मिळत न्हाईत गं!" शालनला एकालाही नाही म्हणता येईना. माझे पट्टे कुरकुरत होते, पण खरं सांगतो, मी हरखून गेलो होतो.

सकाळी ती मला डोक्यावर घेऊन निघाली. मागे सायकल हातात धरून सुभेदार, त्यांच्यामागे राहीबाई. बाजारपेठ ओलांडेपर्यंत शालनची मान थरथरू लागली आणि पोस्टापुढे मी धाडकन खाली आपटलो.

टांगेवाले हाफिजचाचा थांबले. "ठिव टांग्यात, बेटी. तुज्या बापाला मी समजावतो."

शालनचे डोळे भरून आले. मला टांग्यातून नेलं तर सही जाणार, आणि उचलायला अंगात बळ उरलं नव्हतं.

मग तिनं तिथंच बसकण मारली आणि माझे पट्टे सोडले. डबा, शेंगा, दशम्या, सगळं काढून टांग्यात ठेवलं.

"आगं, माजी वाकळ टाकतीस व्हय?" राहीबाई कडाडल्या.

"टाकत न्हाई, मावशी. मला झेपत न्हाई."

दोन जोड कपडे, चटणीची पुडी आणि नकाशा तिनं खांद्यावरच्या झोळीत घातला. मग मला गुंडाळून टांग्याच्या फळीवर ठेवलं. माझ्या काळजात चर्रर्र झालं.

"आन् होल्डॉल?" सुभेदारांनी विचारलं.

"हा पलटणीचा हाय, आबा. ह्याला उचलायला हमाल लागतो. मी एकटी जाणार हाय."

सुभेदारांनी सायकल टांग्याला टेकवली. मग त्यांनी खिशातून अर्ज काढला, माझ्याच पाठीवर ठेवला आणि सही केली. पेनाचं टोक मला चांगलंच टोचलं.

सही मिळाली, तरी शालन झोळी घेऊन स्टेशनापर्यंत चालत गेलीच. मी टांग्यात बसून घरी आलो.

मला मागं ठेवून ती कॅनडाला गेली, म्हणून फार दिवस मी तिच्यावर रुसलो होतो. आता माझं कॅनव्हास विरलंय, पट्टे तडकलेत. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना मधूनमधून ऊन दाखवा, चामड्याला तेल लावा, जपून माळ्यावर ठेवा. पोरींना मात्र असं जपून ठेवू नका.